पाल्याचा अर्क आणि बशीतले वर्तुळ

सूक्ष्मजीवशास्त्राच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांमध्ये हा प्रयोग वर्षानुवर्षे होत आला आहे. कोणी विद्यार्थी घरच्या वृंदावनातली तुळस आणतो, कोणी रस्त्याकडेच्या कडुलिंबाची डहाळी, कोणी पेरूची पाने. पाने धुऊन सावलीत वाळवली जातात, त्यांची पूड केली जाते आणि ती पाण्यात किंवा मेथॅनॉलमध्ये एक-दोन दिवस भिजत ठेवली जाते. गाळलेला हिरवट-तपकिरी द्राव आटवला की हाती उरतो तो अर्क. मग आगर ओतलेल्या बशीवर जीवाणू पसरवायचे, त्यावर अर्कात भिजवलेली कागदाची छोटी चकती ठेवायची आणि बशी रात्रभर ३७ अंश सेल्सिअसला ठेवून द्यायची. सकाळी बशीभर जीवाणूंची दुधाळ साय धरलेली असते. चकतीभोवती मात्र एक स्वच्छ वर्तुळ दिसते. तिथे जीवाणू वाढू शकलेले नसतात.

हे वर्तुळ खरे असते. अशा प्रयोगांवर जगभरात हजारो शोधनिबंध निघाले आहेत. अडचण त्यानंतर सुरू होते. निबंधाची बातमी होते, बातमीचा व्हॉट्सअॅपवरचा संदेश होतो आणि संदेशातून ‘जंतुनाशक, अँटिऑक्सिडंटने भरपूर’ असे छापलेली बाटली दुकानाच्या फळीवर येते. ती विकत घेणाऱ्याला वाटते, की काचेच्या बशीत जे घडले तेच आपल्या शरीरातही घडेल.

या समजुतीवर बरेच काही अवलंबून आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने मांडला. नव्या औषधांची गरज खरी आहे आणि ती झाडपाल्यातून मिळू शकतात, हेही खरे आहे. म्हणूनच पानाच्या अर्कात नेमके काय असते, आणि बशीपासून रुग्णापर्यंतची वाट कशी असते, हे समजून घ्यायला हवे.

पान रसायने का साठवते?

झाडाला पळून जाता येत नाही. अळी आली, बुरशी बसली, उन्हाचा तडाखा वाढला, तरी पानाला जागेवरच उभे राहून तोंड द्यावे लागते. त्यातून पान हा झाडाचा स्वयंपाकघराचा भाग. सूर्यप्रकाशात अन्न तयार करताना तिथे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू निर्माण होतात आणि ते पानाच्याच पेशींना इजा करू शकतात. या सगळ्याशी सामना करण्यासाठी वनस्पतींनी आपापली रसायने घडवली. कडूपणा आणणारी अल्कलॉइड्स, वास देणारी टर्पीन्स, तुरटपणा आणणारी टॅनिन्स, आणि फ्लॅव्होनॉइड्ससारखी पॉलिफेनॉल्स ही त्यांतली मुख्य घराणी. त्यांतली काही कीटक आणि सूक्ष्मजीवांना दूर ठेवतात, काही त्या अतिक्रियाशील रेणूंना शांत करतात.

माणसाने हे फार पूर्वी ओळखले. धान्याला कीड लागू नये म्हणून कणगीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालण्याची रीत महाराष्ट्रात जुनीच आहे. खोकल्यावर अडुळशाचा रस देण्याची पद्धतही तशीच. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसीन नावाचे अल्कलॉइड असते. त्याच्या रचनेवरून १९६०च्या दशकात ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. आज डॉक्टर लिहून देतात ते अँब्रोक्सॉल म्हणजे ब्रोमहेक्झिनचेच शरीरात तयार होणारे रूप. खोकल्याच्या अनेक औषधांचे मूळ असे कुंपणाच्या अडुळशापर्यंत जाते.

पण त्याच व्हॅसिसीनचा गर्भाशयाच्या आकुंचनाशीही संबंध आहे. म्हणूनच गरोदरपणात अडुळसा टाळायला सांगतात. जे रसायन परिणाम करते, ते नको तिथेही परिणाम करू शकते. ‘नैसर्गिक’ या शब्दाने त्यात फरक पडत नाही.

वर्तुळात न दिसणाऱ्या गोष्टी

आता पुन्हा त्या बशीकडे वळू. वर्तुळ पाहिल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो मात्रेचा. प्रतिजैविके बहुधा दर मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणात जीवाणूंची वाढ रोखतात. पानांचे कच्चे अर्क मात्र अनेकदा दर मिलिलिटरमागे काही मिलिग्रॅम असले तरच परिणाम दाखवतात. हा फरक हजारपटीच्या घरातला आहे. समजा, एखादा अर्क मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम या प्रमाणात काम करतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. तेवढे प्रमाण केवळ रक्तात गाठायचे, तर २५ ग्रॅम घट्ट अर्क थेट रक्तात मिसळावा लागेल. काढ्याच्या कपातून हे शक्य नाही, आणि कोणी करू पाहिले तर जीवाणूंआधी रुग्णच धोक्यात येईल.

दुसरा प्रश्न वर्तुळाच्या आकाराचा. मोठे वर्तुळ म्हणजे जालीम औषध, असे सरळ गणित नाही. लहान रेणू आगरमधून भराभर पसरतात, टॅनिनसारखे मोठे रेणू चकतीपाशीच अडकतात. त्यामुळे दोन वेगवेगळ्या झाडांच्या अर्कांची तुलना वर्तुळ मोजून करता येत नाही. त्यासाठी जीवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा शोधावी लागते. अर्क ज्या द्रावकात काढला, तो मेथॅनॉल किंवा अल्कोहोल स्वतःही जीवाणूंना मारतो. म्हणून फक्त द्रावकात भिजवलेली एक चकती शेजारी ठेवणे आवश्यक असते. ती नसेल, तर वर्तुळ पानाचे की द्रावकाचे, हे कळायला मार्ग नाही.

तिसरा प्रश्न निवडकपणाचा. फिनाइलनेही बशीतले जीवाणू मरतात, पण ते कोणी पीत नाही. पेनिसिलिनचे मोठेपण यात आहे, की ते जीवाणूंची पेशीभित्तिका बांधू देत नाही आणि माणसाच्या पेशींना अशी भित्तिकाच नसते. पानांतली अनेक टॅनिन्स समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात. ते प्रथिन जीवाणूचे आहे की माणसाचे, हे ती पाहत नाहीत.

शिवाय सगळे जीवाणू सारखे नसतात. त्वचेवर पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर पानांचे अर्क बहुतेक वेळा लवकर परिणाम दाखवतात. मूत्रमार्गाच्या संसर्गात आढळणारा ई. कोलाय किंवा रुग्णालयात छळणारा स्यूडोमोनास यांच्याभोवती आणखी एक बाह्य आवरण असते आणि ते बरीच रसायने बाहेरच थोपवते. रुग्णालयांना आज सर्वाधिक चिंता आहे, ती नेमकी अशा आवरणवाल्या जीवाणूंची.

जांभळा रंग फिका पडला, पुढे काय?

अँटिऑक्सिडंट हा शब्द आज बिस्किटांपासून फेसवॉशपर्यंत सगळीकडे दिसतो. पानांच्या अर्कातला हा गुण मोजण्याची एक सोपी चाचणी आहे. डीपीपीएच नावाच्या रसायनाचा गडद जांभळा द्राव घ्यायचा आणि त्यात अर्काचे थेंब टाकायचे. अर्कात अँटिऑक्सिडंट असतील तर जांभळा रंग ओसरून पिवळट होतो. शेवगा, कढीपत्ता, तुळस, पेरू यांच्या पानांचे अर्क या चाचणीत उत्तीर्ण होतात. खरे तर बहुतेक हिरवी पाने होतात.

मूळ कल्पना १९५६ सालची. डेनम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडले, की शरीरात तयार होणारे ‘फ्री रॅडिकल’, म्हणजे जोडीदार इलेक्ट्रॉनच्या शोधात असलेले उतावीळ रेणू, पेशींची हानी करतात आणि त्यातून वार्धक्य येते. मग या रेणूंना शमवणारे पदार्थ गोळीतून दिले, तर आजार टळतील असे वाटणे स्वाभाविक होते. हिरव्या पालेभाज्या आणि पिवळ्या-केशरी भाज्या भरपूर खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, अशी निरीक्षणेही होती. या भाज्यांत बीटा कॅरोटीन विपुल असते.

फिनलंडमध्ये ही कल्पना तपासली गेली. ५० ते ६९ वयोगटातल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली आणि काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन देण्यात आले. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा सगळेच चक्रावले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढले होते. अमेरिकेत बीटा कॅरोटीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व एकत्र देऊन झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत हीच वाढ २८ टक्के दिसली आणि १९९६ मध्ये ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

यातून पालेभाजी वाईट ठरली नाही. भाजीतला एक रेणू वेगळा काढून मोठ्या मात्रेत दिला, की तो भाजीसारखा वागतोच असे नाही, एवढे मात्र स्पष्ट झाले. पानांतली पॉलिफेनॉल्स पोटात गेल्यावर थोडीच शोषली जातात. आतडे आणि यकृत त्यांचे रूप पालटतात आणि काही तासांत ती शरीराबाहेर पडतात. परीक्षानळीत जांभळा रंग घालवणारा रेणू त्याच रूपात आणि त्याच प्रमाणात रक्तात पोहोचतच नाही. खाद्यपदार्थांचे ‘अँटिऑक्सिडंट गुण’ देणारा आपला प्रसिद्ध तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, तो याच कारणाने. त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध लावता येत नव्हता आणि जाहिरातींत मात्र ते सर्रास वापरले जात होते.

पानांतले अँटिऑक्सिडंट निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. रोझमेरीच्या पानांचा अर्क युरोपात ‘ई ३९२’ या क्रमांकाने खाद्यपदार्थांत वापरला जातो. तेल-तुपाला खवट वास येऊ नये, हे त्याचे काम. तिथे अर्काची आणि तेलाची थेट गाठ पडते. मध्ये पोट, आतडे आणि यकृत येत नाही.

थंड पाण्यात पिळलेला पाला

मग पानातून खरे औषध कधी मिळाले आहे का? मिळाले आहे, आणि त्याची गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. १९६७ मध्ये चीनने हिवतापावर औषध शोधण्याची गुप्त मोहीम हाती घेतली. बीजिंगच्या तू यूयू यांच्या गटाने पारंपरिक चिनी वैद्यकातले २,००० हून अधिक नुसखे चाळले आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. ‘चिंगहाव’ या वनस्पतीने एकदा आशा दाखवली, पण पुढच्या प्रयोगांत तो परिणाम टिकेना. ही आर्टेमिसिया कुळातली, म्हणजे जोतिबाला वाहिल्या जाणाऱ्या आपल्या दवण्याची भावकी.

तू यांनी पुन्हा जुने ग्रंथ उघडले. चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याने पाला पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितला होता. उकळायला सांगितले नव्हते. उष्णतेनेच औषधी घटक नष्ट होत असावा, असे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मधला १९१ क्रमांकाचा हा नमुना उंदरांतल्या हिवतापाच्या परजीवींवर पूर्ण परिणामकारक ठरला. रुग्णांना देण्याआधी तू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. पुढे शुद्ध घटक वेगळा झाला, त्याची रचना उलगडली, माणसांवर चाचण्या झाल्या. तेच आर्टेमिसिनिन. तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातही गंभीर स्वरूप घेऊ शकणाऱ्या फाल्सिपेरम हिवतापावर आज याच घराण्यातली औषधे दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिली जातात.

या गोष्टीत दोन धडे आहेत. पहिला असा, की आर्टेमिसिनिन फ्री रॅडिकलना शमवत नाही. परजीवीच्या आतल्या लोहयुक्त घटकाशी गाठ पडताच ते स्वतःच असे रेणू निर्माण करते आणि परजीवीला मारते. पानातून मिळालेले हे थोर औषध ‘अँटिऑक्सिडंट’च्या अगदी उलट मार्गाने काम करते. दुसरा धडा असा, की औषध सापडल्यानंतर त्याच पानांचा चहा पिऊन हिवताप बरा करण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटना देत नाही, उलट त्याविरुद्ध बजावते. चहात औषधाचे प्रमाण कमी असते आणि दर वेळी बदलते. अपुऱ्या मात्रेतून परजीवी वाचले, तर त्यांना औषधाची सवय होते आणि मग नेमके औषधही चालेनासे होते.

एकच पान, तीन रूपे

मात्रा आणि वापराची जागा बदलली की पान कसे बदलते, याचे उत्तम उदाहरण चहाचे आहे. कपभर ग्रीन टी बहुतेकांना निर्धोक. त्याच पानांतल्या कॅटेचिन्सचा १५ टक्के अर्क असलेल्या मलमाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये मान्यता दिली. ते जननेंद्रियाजवळच्या विषाणूजन्य चामखिळींवर बाहेरून लावायचे औषध आहे. रीतसर चाचण्यांनंतर, ठरलेल्या प्रमाणाचे आणि ठरलेल्या आजारासाठी. तिसरे रूप वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलचे. यातल्या प्रमुख कॅटेचिनची मात्रा पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक झाली, तर यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्ततपासणीत दिसू शकतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला.

वर्तुळ न उमटवणारा रेणू

पानांच्या अर्कांकडे शास्त्रज्ञ अजूनही आशेने पाहतात, त्यामागे आणखी एक कारण आहे. दारुहळदीच्या कुळातल्या वनस्पतींत बर्बेरिन असते. ते जीवाणूंना मारू शकते, पण स्टॅफिलोकॉकससारखे जीवाणू आपल्या पेशीतल्या सूक्ष्म पंपांनी ते बाहेर उपसून टाकतात. अनेक प्रतिजैविकांपासूनही जीवाणू असेच बचावतात. फ्रँक स्टरमिट्झ आणि किम लुईस यांच्या गटाने २००० साली दाखवले, की अमेरिकेतल्या याच कुळातल्या एका झुडपाच्या पानांत आणखी एक रेणू असतो आणि तो हे पंप बंद पाडतो. तो स्वतः जीवाणू मारत नाही. पण पंप बंद पडल्यामुळे दुबळे वाटणारे बर्बेरिन जोमाने काम करू लागते.

चकतीच्या प्रयोगात एकट्या या मदतनीस रेणूभोवती वर्तुळ उमटत नाही. फक्त वर्तुळे मोजणाऱ्याने तो बाजूला टाकला असता. प्रतिजैविकांना निर्ढावलेल्या जीवाणूंवर जुन्याच औषधांची धार परत आणणारे असे मदतनीस शोधण्याचे काम आता अनेक ठिकाणी चालू आहे. त्याला वेळ लागतो, शुद्धीकरण लागते, विषारीपणाच्या तपासण्या लागतात आणि शेवटी माणसांवरच्या चाचण्या लागतात.

घरात काय करावे?

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की पपईच्या पानांच्या रसाची आठवण निघते. भारतात आणि मलेशियात झालेल्या काही छोट्या चाचण्यांमध्ये या अर्काने प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचे दिसले. पण त्यामुळे जीव वाचतात, असे सिद्ध झालेले नाही. ताप ओसरल्यावर प्लेटलेट बहुतेकांच्या आपोआपही वाढतात. डेंग्यूतला मोठा धोका प्लेटलेटच्या आकड्याहून रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा असतो आणि तो बऱ्याचदा ताप उतरतानाच ओढवतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ग्लानी यांपैकी काहीही दिसले, तर रस वाटत बसण्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठायला हवे. डेंग्यूची शंका असताना अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही टाळाव्यात.

कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी प्यायले गेले. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हे तपासलेले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत, हे खरेच. पण मग काढा करणाऱ्यालाही तोच प्रश्न पडायला हवा: भांड्यात टाकले ते नक्की काय, आणि किती?

पालेभाजी, फोडणीतला कढीपत्ता, चहातली तुळस, पाडव्याची कडुलिंबाची पाने यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. ते अन्न आहे आणि अन्नाच्या प्रमाणात घेतले जाते. घट्ट अर्क, कॅप्सूल आणि रोजचा काढा मात्र औषध म्हणूनच मोजावा. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, गरोदरपण असेल, तर तो सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. तपासणीच्या वेळीही सांगावे, कारण डॉक्टरांनी ‘दुसरी काही औषधे घेता का’ असे विचारले, की काढ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर काढा तत्काळ थांबवून तपासून घ्यावे. आणि लिहून दिलेली प्रतिजैविके पाल्याच्या भरवशावर मध्येच सोडू नयेत.

‘अमुक पानाने जंतू मरतात’ असा संदेश पुढच्या वेळी आला, तर तीन गोष्टी विचाराव्यात. हे बशीत दिसले, उंदरात की माणसात? किती मात्रेला? आणि ज्यांना अर्क दिला नाही अशा रुग्णांशी तुलना केली होती का? उत्तरे नसतील, तर संदेश पुढे पाठवू नये. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याने मात्र आपले वर्तुळ जरूर मोजावे, वहीत नोंदवावे, शेजारी नुसत्या द्रावकाची चकतीही ठेवावी. तू यूयू यांच्या गटाचा यशस्वी नमुनाही १९१ क्रमांकाचा होता.